तोंडी सूचनेचा सूर कशानं बिघडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात गोळ्या समजावणाऱ्या सिस्टर, बांधावर औषधाचं प्रमाण सांगणारे कृषी सहायक, जिनिंगमध्ये नव्या पोराला मशीन दाखवणारा फोरमन, बसस्थानकात माइकसमोर बसलेला कर्मचारी. या सगळ्यांचं काम एकच: तोंडानं सांगायचं आणि समोरच्यानं ते तसंच करायचं. हातात कागद नसतो, पुन्हा वाचायची सोय नसते. असं काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न हमखास येतात ते खाली घेतले आहेत. उदाहरणं मराठवाड्यातल्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

'कृपया' लावलं की सूचना नम्र होते ना?

होत नाही. 'कृपया' हा पाटीवरचा आणि माइकवरचा शब्द आहे. घरात, शेतात, मोंढ्यात कुणी कुणाला 'कृपया' म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा चिडलाय किंवा टोमणा मारतोय. बोलण्यातली अदब तीन जागी असते: हाकेत, क्रियापदाच्या शेवटात आणि 'जरा', 'तेवढं', 'की' असल्या बारक्या शब्दांत. 'कृपया बाजूला हो' ऐकून माणूस दुखावतोच, कारण 'हो' म्हणून त्याला तू केलेलं असतं. 'मामा, जरा सरकता का' यात कृपया कुठंच नाही, तरी मामा सरकतात.

'प्लीज' शहरातल्या तरुण पोरापोरींत रुळलाय, त्यांच्याशी बोलताना चालतो. साठीच्या माणसाला 'प्लीज'पेक्षा 'काका' जास्त पोचतं.

काम एकच, सांगायच्या तऱ्हा ढीगभर. फरक नेमका कुठं पडतो?

विहिरीवरची मोटार बंद करायची आहे, एवढंच काम घेऊ.

'मोटार बंद कर' आणि 'मोटार बंद करा' हे सरळ आज्ञार्थ. यात उद्धटपणा नाही. 'करा' हे मराठीत साधं, स्वच्छ सांगणं आहे आणि बहुतेक सूचनांना तेवढं पुरतं. ते बोचतं ते हाकेशिवाय, एकदम आलं की. 'नाना, मोटार बंद करा' आणि नुसतं 'मोटार बंद करा' यात एका शब्दाचं अंतर आहे, पण तो शब्द सगळा सूर पालटतो.

'करता का?' हा प्रश्न दिसतो, पण आहे विनंती. उत्तर तोंडानं नको असतं, उठून जाणं अपेक्षित असतं. त्याऐवजी 'करू शकता का?' म्हटलं की घोटाळा. हा सवाल ताकदीचा आहे. 'शकतो की' म्हणून माणूस जागेवरच बसून राहतो. 'पाय उचलू शकता का?' हे डॉक्टर पेशंटला तपासताना विचारतात, तिथं ते अगदी बरोबर. काम सांगताना 'शकता' वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'करा ना' मध्ये विनवणी आहे, थोडी अधीरताही. 'करा की' ची गंमत वेगळी. पहिल्यांदा म्हटलं तर जिव्हाळा ('बसा की', 'घ्या की चहा'), दुसऱ्यांदा म्हटलं तर 'एवढा वेळ कामून (का) लावायलाव?' असा अर्थ निघतो. शब्द तेच, खेप बदलली.

मग जोडक्रियापदं, ज्यांच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 'करून टाका' म्हणजे उरकून टाका. काम किरकोळ आहे, विचार करायची गरज नाही, असा त्यात भाव असतो. म्हणून 'वायर जोडून टाका' असं नव्या हेल्परला कधी सांगू नये. तो घाईच करणार, कारण तुम्हीच तशी सांगितली. 'करून घ्या' मध्ये फायदा ऐकणाऱ्याचा आहे: 'रक्त तपासून घ्या', 'केवायसी करून घ्या'. 'करून द्या' मध्ये फायदा सांगणाऱ्याचा, म्हणून त्यात थोडा मिंधेपणा येतो. 'करून ठेवा' म्हणजे मी येईस्तोवर तयार असू द्या. 'करून बघा' म्हणजे जमलं तर. 'बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं) करून बघा' असं सांगितलं तर निम्मे लोक ती सोडून देतील आणि दोष त्यांचा नसेल.

'करत जा' जपून वापरा. 'झाकण लावत जा' यात आजवर लावत नव्हतात हा ठपका आहे. पहिल्याच दिवशी कामावर आलेल्याला ते म्हटलं तर तो गोंधळतो: मी कधी उघडं टाकलं?

राहिले 'करावी' आणि 'करण्यात यावी'. 'फवारणी करावी' हा विध्यर्थ पत्रकात शोभतो. बोलताना तो ऐच्छिक सल्ल्यासारखा ऐकू येतो. 'करण्यात यावी' यात करणाराच नाही. पाच माणसं उभी असताना 'मोटार बंद करण्यात यावी' म्हटलं तर मोटार चालूच राहते.

समोरचा माणूस वयानं मोठा, पण काम मला सांगायचंय. तू म्हणू की तुम्ही?

अनोळखी मोठ्या माणसाला 'तुम्ही', यात वाद नाही. अडचण येते ती मधल्या जागी. फोरमन पंचविशीचा, हेल्पर पन्नाशीचा. सिस्टर गावातलीच, पेशंट तिच्या मैत्रिणीची आजी. गावाकडं आजीला, आईला 'तू' म्हणण्यात मायाच असते. पण वॉर्डात दहा जणांसमोर तेच 'तू' खटकू शकतं.

यावर मराठीनंच सोय करून ठेवलीय: 'घ्यायची', 'करायचं', 'ठेवायचं'. 'आजी, ही गोळी जेवण झाल्यावर घ्यायची' या वाक्यात तूही नाही, तुम्हीही नाही. हुकूम कुणी कुणाला सोडलेला नाही. हा जणू कामाचा नियमच आहे आणि तो सांगणाऱ्यालाही लागू आहे. वर्कशॉपमध्ये 'इथं हातमोजे घालायचे' हे 'हातमोजे घाला' पेक्षा कमी बोचतं आणि जास्त पाळलं जातं, कारण त्यात माणूस लक्ष्य नाही.

याची मर्यादाही लक्षात ठेवा. कोणी करायचं हे त्यातून कळत नाही. दोघातिघांना मिळून काम सांगताना नाव घ्यावंच लागतं: 'वायर अण्णांनी धरायची, स्विच तू चालू करायचास.'

'आपण' वापरलं तर?

'आपण' ला तीन अर्थ आहेत: मी आणि तुम्ही मिळून, आदरार्थी तुम्ही, आणि कुणीही. 'आपण आता ड्रेसिंग बदलू या' ठीक आहे, दोघंही तिथंच आहेत. पण 'आपण ही गोळी रात्री घ्यायची' असं ऐकून घरी गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्यात गोळी दोघांनी घ्यायची की एकानं, असा खरोखर प्रश्न पडू शकतो. औषधाच्या सूचनेत नातं किंवा नाव घ्या: 'ही गोळी आजोबांची.'

धोक्याच्या वेळी ओरडून सांगितलं तरी माणूस उलटंच करतो. का?

कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नका' त्याच्याही मागं. 'तारेला हात लावू नका' या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात शेवटी आहे. मळणी यंत्राच्या आवाजात, वाऱ्यात, किंवा दम संपल्यामुळं शेवटचा शब्द पडला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर येतं 'तारेला हात लावू...'. आवाज चढवून हे सुटत नाही, क्रम बदलावा लागतो.

पहिला शब्द 'थांबा!' किंवा 'मागं!' असू द्या. नंतर काय करायचं ते सांगा, काय करायचं नाही ते नव्हे: 'मागं व्हा! तारेपासून लांब!' आकाशात वीज कडाडायली असेल तर 'झाडाखाली थांबू नका' पेक्षा 'झाडाखालून बाहेर या' बरं. नकारच द्यायचा असेल तर तो पुढं ओढा: 'नको! हात नको लावू!' बोलण्यात हा क्रम आपण सहज वापरतो, फक्त माइक हातात आला की विसरतो. आणि अशा वेळी 'जरा', 'मामा', 'की' काही नको. जीव वाचवताना कुणी अदब मोजत नाही.

नकाराच्या रूपांत काही चढउतार आहे का?

आहे. 'आज पाणी द्यायला नको' हा सल्ला. 'पाणी देऊ नका' ही सूचना. 'पाणी द्यायचं नाही' ही बंदी. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहायला सांगताना तिसरंच रूप वापरा, आणि त्यात चहाचं नाव वेगळं घ्या. 'काही खायचं नाही' मध्ये चहा येत नाही असं पुष्कळांना वाटतं.

दोन नकार एका वाक्यात घालू नका. '75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका' हे कागदावर बरोबर आहे. कानाला ते उलगडायला वेळ लागतो. '75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडू द्या, मग पेरा' यात कामं घडतात त्याच क्रमानं ऐकू येतात.

सगळं एका वाक्यात नीट सांगितलं, तरी मधली पायरी राहून जाते.

'नीट' म्हणजे बहुतेक 'करून, काढून, भरून, लावून' अशी माळ. तणनाशकाचा पंप धुण्याची सूचना साधारण अशी दिली जाते:

'फवारून झालं की पंप रिकामा करून, पाणी भरून, हलवून, नोझलमधून सोडून, असं तीनदा करून मग ठेवा.'

या माळेत पूर्ण क्रियापद एकच आहे, 'ठेवा'. ऐकणाऱ्याच्या लक्षात तेच राहतं: पंप ठेवायचा. बाकी सगळं वाटेतलं. आणि नेमकं वाटेतलंच महत्त्वाचं आहे. 2,4-डी सारखं तणनाशक पंपात थोडं जरी राहिलं आणि पुढं तोच पंप कपाशीत गेला, तर पानं आकसून बोटांसारखी होतात.

तेच असं सांगा:

'काय करा, आधी पंपातलं उरलेलं सगळं काढा. आता अर्धा पंप साधं पाणी भरा. झाकण लावून हलवा. ते पाणी नोझलमधूनच सोडा, वरून ओतू नका. नळीत औषध राहतं. असं तीनदा. पाणी पडीकात सोडायचं, विहिरीकडं नाही.'

प्रत्येक पायरीला स्वतःचं क्रियापद, दोन वाक्यांमध्ये एक श्वास. एखादं 'लावून' चालतं, दोन झाले की तोडा. सुरुवातीच्या 'काय करा' ला अर्थ काही नाही, पण ते कान उघडतं. मराठीतला हा हुकमी शब्द आहे, त्याला गावंढळ समजून गाळू नका. (खरं तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. सांगायचा प्रश्नच मिटतो.)

'-ऊन' चा दुसरा धोका नकारासोबत येतो. 'झाकण उघडून मशीन सुरू ठेवू नका' याचे दोन अर्थ होतात: झाकण उघडं असताना चालवू नका, किंवा झाकण उघडा आणि मशीन बंद करा. 'झाकण लागलेलं असेल तरच मशीन सुरू करा' असं म्हटलं की दुसरा अर्थ उरत नाही.

बोलणं मऊ ठेवावं की नेमकं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी. मऊपणा हाकेत आणि सुरुवातीला, नेमकेपणा मापात आणि क्रियापदात. गडबड होते ती माप मऊ केल्यामुळं. 'जरा पाणी घाला' मधला 'जरा' सांगणाऱ्यासाठी अदब असतो, ऐकणाऱ्यासाठी माप.

जुलाबात देतात ती, लिटरभर पाण्याची ओआरएसची पुडी घ्या. 'पुडी थोड्या पाण्यात कालवून जरा जरा पाजत राहा' हे ऐकायला किती मायाळू! पण पुडी पेल्याभर पाण्यात गेली तर द्रावण खारट होतं आणि लेकराला अपाय होतो. अर्धीच पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून: 'ताई, घाबरायचं नाही. पूर्ण पुडी, एक लिटर स्वच्छ पाणी. एकदा कालवलेलं चोवीस तासच वापरायचं, उरलेलं टाकून द्यायचं.' पहिलं वाक्य मायेचं, पुढची मापाची. 'जरा जरा' ची खरी जागा पाजण्यात आहे, पण तिथंही 'चमच्या-चमच्यानं' जास्त स्पष्ट.

त्याच वेळी झिंकची गोळी सांगितली जाते आणि तिथं एक छोटा शब्द घात करतो. 'जुलाब थांबले तरी गोळी चौदा दिवस द्यायची.' 'तरी' वर आवाजाचा भार नसला तर 'जुलाब थांबले' एवढंच लक्षात राहतं आणि गोळी चौथ्या दिवशी बंद होते. आकडा आधी घ्या: 'गोळी चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा दिवस.'

'टोपणभर औषध' हेही असंच मऊ माप. प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं. मिलिलिटर सांगा आणि मापी हातात दाखवा.

आकडे आणि दिवस सांगताना काय चुकतं?

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे माइकवरून एकसारखेच ऐकू येतात. टोकन नंबर, गाडी नंबर दोनदा सांगावा: एकदा अखंड, एकदा सुटा. 'एकोणसत्तर, सहा नऊ.' अडीच, साडेतीन सगळ्यांना कळतं. 'पावणेदोनशे' इंग्रजी माध्यमातल्या पोरांना अडतं, तिथं 'एकशे पंचाहत्तर' म्हणा.

दिवसांचे घोटाळे जास्त महागात पडतात. 'आठ दिवसांनी या' म्हणजे आपल्या बोलण्यात एक आठवडा, आणि 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे. गोळ्या सात दिवसांच्या देऊन 'आठ दिवस घ्या' म्हटलं की आठव्या दिवशी पेशंट दारात: गोळी कमी पडली. 'परवा' मागचाही असतो, पुढचाही. 'दिवसाआड' म्हणजे एक दिवस सोडून, पण 'दोन दिवसांआड' म्हटलं की काही जण दोन दिवस सोडतात, काही दर दोन दिवसांनी धरतात. वाराचं नाव घेतलं की वाद संपतो.

कारण सांगावं का? त्यानं सूचना लांबते.

एक कारण सांगा, आणि कामाच्या नंतर. जोडणारा शब्द मात्र निवडून घ्या. 'नाहीतर' मध्ये धमकी आहे: 'मशीनचं झाकण लावा, नाहीतर बोट जाईल.' 'म्हणजे' मध्ये सोबत आहे: 'मशीनचं झाकण लावा, म्हणजे बोट सुरक्षित राहील.' रोजच्या कामात 'म्हणजे' पुरतो. 'नाहीतर' खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवा. दर वाक्याला वापरला की त्याची धार जाते आणि नेमक्या दिवशी कुणी मनावर घेत नाही.

'साहेबांनी सांगितलंय म्हणून' हे कारण नव्हे.

'कळलं का?' विचारलं तर सगळे हो म्हणतात. मग?

हो म्हणणारच. 'नाही' म्हणणं म्हणजे स्वतःला अडाणी म्हणवून घेणं, आणि तेही चारचौघांत. प्रश्न असा टाका की हो-नाहीत उत्तर देता येणार नाही: 'घरी गेल्यावर पुडी किती पाण्यात टाकणार?' त्यातही परीक्षेचा सूर नको असेल तर चूक स्वतःकडं घ्या: 'माझं सांगायचं काही राहिलं का बघू. पहिलं काय करणार?'

गावाकडच्या बोलीत सांगावं की पुस्तकी?

आपली बोली असेल तर बोलावी, उसनी आणू नये. परभणीचा माणूस 'कामून' सहज म्हणतो; बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानं मुद्दाम म्हटलं की लोकांना नक्कल वाटते. 'करू नगा' आणि 'करू नका' दोन्ही सगळ्यांना कळतात, तिथं अडत नाही. अडतं ते 'प्रतीक्षा', 'सेवन', 'अवलंब' अशा शब्दांवर. 'औषधाचे सेवन करावे' असं कुणी जेवायला बसल्यावर म्हणून बघावं.

देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि शहरांत दखनी उर्दू ही घरची भाषा असलेले ऐकणारे बरेच असतात. त्यांच्याशी 'करून टाका' आणि 'करून घ्या' असला बारीक खेळ करू नका. साधं 'करा' आणि हातानं दाखवणं. आणि आपण हिंदीत बोलायला गेलो की एक खोड हमखास आडवी येते: मराठीतलं आदराचं 'तुम्ही' तिथं 'तुम' होऊन जातं. आपल्या मनात मान असतो, समोरच्याला 'आप' अपेक्षित असतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत उर्दू ही इथली कारभाराची भाषा होती. त्या अदबीची सवय जुन्या घरांतून अजून आहे. 'तुम बैठो' तिथं मनाला चांगलंच लागतं.

फोनवरची रेकॉर्ड केलेली सूचना लिहायचीय. काय पाहावं?

आधी काम, मग बटण: 'पीक विम्यासाठी एक दाबा.' 'एक दाबा पीक विम्यासाठी' असं उलटं लिहिलं की 'एक' कानावरून निघून गेलेला असतो. पर्याय चारापेक्षा जास्त नकोत. 'आला असाल', 'भरली असेल' असं लिंग न उघडणारं वाक्य घ्या. 'तू करतोस' सारखं रूप आलं की निम्मे ऐकणारे बाहेर. लिहून झालं की उभं राहून मोठ्यानं वाचा. जिथं श्वास तुटेल तिथं वाक्य तोडा. आणि तुमचा कॉल किती मोलाचा आहे हे सांगू नका, उचला.

हेल्परनं चूक केल्यावर सुधारून कसं सांगावं?

'झाकण का नाही लावलं?' हा प्रश्न नाहीच, आरोप आहे. त्याला उत्तर म्हणून सबब येते आणि झाकण उघडंच राहतं. 'झाकण लावा' एवढं म्हणा. कारण खरंच हवं असेल तर काम झाल्यावर, बाजूला घेऊन विचारा. 'किती वेळा सांगितलं' यात सूचना शून्य आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉली मागं घेताना रोज ओरडाआरडा होतो. काही ठरलेले शब्द आहेत का?

चालू बोलीतलेच घ्या, पण तीनच, आणि आधी ठरवून. 'येऊ द्या' म्हणजे चालू ठेवा. म्हणत राहायचं, गप्प झालं की ड्रायव्हरनं थांबायचं. 'हळू' म्हणजे हातभर उरलं. थांबायला 'थांब' म्हणा. 'बस' नको, कारण ट्रॉलीत माणसं असली तर त्यांना तो खाली बसायचा हुकूम वाटतो आणि 'बास' इंजिनाच्या आवाजात विरतो. डावं-उजवं म्हणूच नका. तोंड एकमेकांकडं असलं की दोघांचं डावं वेगळं होतं. 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' म्हणा, गाडी कशीही उभी असली तरी त्या बाजू बदलत नाहीत. सांगणारा एकच असावा, आणि त्यानं आरशात दिसेल असं उभं राहावं; आरशात दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं ब्रेक मारायचा.